माशी हाकलण्यापुरती जागा

गुलाबशेठला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. कारण नाना पेठेत गाड्यांचं सामान विकणारी पोरं आजही गिऱ्हाइकाला सांगतात, की मधे पन्हळ असलेली खोगिरासारखी सीट पुण्यात पहिल्यांदा गुलाबशेठनं काढली. गुलाबशेठनं जन्मात एक टाका घातला नाही. ती सीट माझ्या वडिलांनी केली. तिच्यावर पहिला डाग मात्र गुलाबशेठनं पाडला, एवढं श्रेय मी त्याला देतो.

आमचं घर भवानी पेठेत, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत वडिलांचं काम, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हींना मिळून एकच वास. वडिलांना सगळी पेठ अण्णा म्हणे, आम्हीही अण्णाच म्हणत असू. खोगीर, लगाम, तांग्याच्या गाद्या, घोड्याच्या कपाळावरचा तुरा, गळ्यातल्या घुंगरांचा पट्टा, असा सगळा साज ते करत. सकाळी जाग येई ती ठोकण्याच्या आवाजानं, आणि तो थांबला की मेण लावलेला दोरा कातड्यातून ओढल्याचा सर्र आवाज येई. आईच्या चुलीवर दोन पातेली असत. एकात आमटी, दुसऱ्यात अस्तर चिकटवायची मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून तिच्यात शेवटी विषारी मोरचूद पडे. एकदा शाळेच्या घाईत मी भाकरी खळीत बुडवून खाल्ली. आईनं डोक्याला हात लावला. अण्णा म्हणाले, "मोरचूद घातला नव्हता अजून. पोटाला अस्तर लागलं असेल, जाऊ दे त्याला." आमच्याकडे विनोद असेच होत, मान वर न करता.

साज चढवून झाला की अण्णा घोड्यापासून दोन पावलं मागे सरत आणि नुसते उभे राहत. तांगेवाला ताटकळे. अण्णा माशीची वाट बघत असत. तांग्याच्या घोड्यापाशी माशीला फार वेळ लागत नाही. ती पाठीवर, मानेवर, कुठे तरी बसे, आणि घोडा तेवढीच जागा थरथरवून किंवा शेपटी मारून तिला उडवे. उडाली, तर अण्णा मान हलवून आत जात. नाही उडाली, तर तिथला पट्टा ढिला होई, नाहीतर एखादा गोंडा उतरे. हौशी तांगेवाले वाद घालत. त्या पलीकडच्या तांग्याला चार तुरे आहेत, मग मला दोनच का? अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं, "साज किती, तर माशी हाकलण्यापुरती जागा राहील इतका. त्यापुढचा साज घोड्याचा नाही, तुझा. तो तू घाल."

मला तेव्हा हे म्हातारपणाचं बोलणं वाटे. आता मी त्यांच्याहून म्हातारा आहे. परवा खराडीहून एक मुलगा माझ्या सीटच्या दुकानात आला. गाडीचा सायलेन्सर बदललेला, पुढे दिव्यांची पट्टी, हँडलवर फोन ठेवायचा पिंजरा, मागे तीन पेट्या. "काका, अजून काय ॲड करू?" मी म्हटलं, "आधी हँडल पूर्ण वळवून दाखव." वळेना. पिंजरा टाकीला अडत होता. तो म्हणाला, "ते ठीक आहे हो, पण लूक कसा वाटतो?" मी म्हटलं, "लूक छान आहे. वळायचं असेल तेव्हा उतरून उचलून ठेवत जा." रागावून गेला. परत येईल. मीही त्याच्यासारखाच रागावलो होतो.

रिक्षा वाढल्या तसे तांगे कमी झाले. स्वारगेटच्या तांगास्टँडवर आधी रांग असे, मग चार उभे दिसत, मग दोन. अण्णांकडे कामं येत ती दुरुस्तीची, तीही घोडा विकायला काढलेला असला की. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि समोरच्या बोळात हमीदभाईंच्या गॅरेजात काम शिकत होतो. हमीदभाई आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगत. कॅम्पातल्या एका बंगल्यात चिंचेखाली एक साडेतीनशेची फटफटी गंजत पडलेली त्यांनीच मला दाखवली. मालक निवृत्त साहेब होते. मी तासभर गाडीकडे बघितलंच नाही. साहेबांच्या दिवाणखान्यातल्या फाटक्या खुर्च्यांकडे बघत राहिलो, आणि हळहळत राहिलो. शेवटी साहेबच म्हणाले, या खुर्च्यांचं काय होईल? बारा खुर्च्या आणि एक कोच मी अण्णांच्या हाताखाली बसून नव्यानं मढवले आणि त्या बदल्यात फटफटी ढकलत घरी आणली. मला जे हवं त्याच्याकडे मी कधी पहिल्यांदा बघत नाही. आयुष्यात जे काही कमावलं ते एवढ्या एका सवयीवर.

फटफटी घरापुढे उभी राहिली आणि अण्णा दोन दिवस तिच्याभोवती फिरले. तिसऱ्या दिवशी कातडं कापायला घेतलं. आठ दिवसांत त्यांनी फटफटीची सीट केली, अस्सल कातड्याची, दुहेरी टाक्याची, आत काथ्या आणि घोड्याचे केस, बोट दाबलं तर हळूच वर येणारी. ती माझ्यासाठी नव्हती, नमुना होता. तांगे गेले तर फटफट्या आहेत, हे अण्णांनी कुणी न सांगता ओळखलं होतं. सीट धोतराच्या फडक्यात गुंडाळून ते आणि मी नाना पेठेत गुलाबशेठच्या दुकानात गेलो. गाड्यांच्या हौशीच्या सामानाचं तेवढं मोठं दुकान दुसरं नव्हतं. आरसे, हॉर्न, गोंडे, पेट्या, सगळं छतापासून लोंबत असे.

शेठनं सीट घेतली, अंगठ्यानं दाबली, आणि गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला, "म्हातारबुवा, खोगीर घोड्याला. फटफटीला कंपनीचं लागतं." चार जण हसले. अण्णा म्हणाले, "बसून तर बघा." शेठ म्हणाला, "बसतो की," आणि काउंटरवर जागा नव्हती म्हणून हातातला चहाचा ग्लास त्यानं सीटवर ठेवला. नव्या कातड्यावर, खाली बशी नाही, आणि ग्लासाचं बूड ओलं. मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिला. मी पुढे झालो तर अण्णांनी माझं मनगट धरलं. शेठचा चहा संपेपर्यंत आम्ही उभे होतो. त्यानं ग्लास उचलला तेव्हा खाली काळपट गोल उमटला होता. अण्णांनी सीट फडक्यात गुंडाळली.  घरी आल्यावर आईला म्हणाले, "बोहरी आळीतल्या त्या गोदामाला रखवालदार हवाय. दसरा झाला की जातो म्हणून सांगितलंय." म्हणजे हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. सीट ही शेवटची खटपट होती.

मला राग आला की मी काही तरी चुकीचं करतो, पण जोरात करतो. शेठला सामानच बघायचं आहे ना, मग दाखवतो म्हणून मी फटफटी सजवायला घेतली. जुन्या बाजारात जाऊन नको त्या वस्तूची किंमत विचारायची, हवी ती शेवटी सहज उचलायची, असं करत वस्तू जमवल्या. सहा आरसे. तीन हॉर्न, त्यातला एक रबरी फुग्याचा. पुढच्या चाकावर पितळी मोर. हँडलला गोंडे, नंबरच्या पाटीभोवती रंगीत दिवे, दोन पेट्या, वारा अडवायची काच, आणि एक लांब एरियल. रेडिओ नव्हता. चट्ट्यापट्ट्याची रेक्झिनची सीट. वर आमच्या घरचा माल होताच, घुंगरांचे पट्टे, तुरा, आणि माझी स्वतःची करामत म्हणजे पुढच्या लेगगार्डवर ताणून बसवलेला, पितळी फुलं ठोकलेला कातड्याचा पडदा. एकूण चौतीस वस्तू. गाडी चालली की पेठेतली पोरं मागे धावत. अण्णांनी दारातून एकदा बघितलं आणि विचारलं, "माशी बसली तर?" मी म्हटलं, "अण्णा, हे जनावर नाही." ते म्हणाले, "बरं."

नवरात्राच्या आधी गुलाबशेठनं दुकानावर पाटी लावली, दसऱ्याला सजवलेल्या गाड्यांची स्पर्धा. गाडीवर जितक्या वस्तू तितके गुण. दुकानापासून कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत चढायचं, तिथे शेठचा माणूस आपट्याचं पान देईल ते घेऊन बाराच्या आत परत. बक्षीस मुलामा दिलेला कप. वस्तूंना गुण का, हे कुणालाही कळेल. त्या पंधरवड्यात दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मी मुद्दाम गर्दीच्या वेळी गेलो.

"शेठ, वाटेत वस्तू पडली तर?"

"पडेल कशी? आपला माल आहे तो."

"मग पडली तर अख्खी गाडी बाद, अशी अट घालायला तुमची हरकत नसेल."

शेठनं माझ्याकडे बघितलं. काउंटरवर सात-आठ गिऱ्हाइकं हातात आरसे घेऊन उभी. त्यातले एक काका म्हणाले, "बरोबर बोलतोय की मुलगा. आम्हीही तोच माल नेतोय." आता शेठ काय बोलणार? म्हणाला, "हरकत कसली? घातली अट."

"आणि कप तुम्हालाच राहू द्या. मी जिंकलो तर माझ्या वडिलांच्या हातच्या सीटा वर्षभर तुमच्या दुकानाच्या तोंडाशी टांगायच्या. खाली त्यांचं नाव."

"त्या खोगीरवाल्याचा का तू? आणि हरलास तर?"

खरं म्हणजे इथे थांबायला हवं होतं. पण त्यानं 'खोगीरवाला' म्हटलं. "हरलो तर ही फटफटी आहे तशी तुमच्या दारात लावतो आणि चालत घरी जातो."

"दिवाणजी," शेठ हसत म्हणाला, "लिहून घ्या."

अष्टमीला मी गाडी कात्रजवर चढवून बघायची ठरवली. हमीदभाई मागे बसले. पायथ्यापर्यंत लोक वळून वळून बघत होते. घाट लागला आणि इंजिनाचा आवाज जड झाला. दुसऱ्या वळणावर हमीदभाई माझ्या कानात ओरडले, "क्लच दाब! बंद कर!" मी बंद करायच्या आधी ती आपणच बंद पडली. किक खाली जाईना. पिस्टन धरला होता. हमीदभाई उतरले आणि माझ्या पितळी फुलांच्या पडद्याकडे बघत राहिले. "अरे शंकर, हे इंजिन वाऱ्यावर गार होतं. तू त्याला चादर पांघरून घाट चढवतोयस? माणूस असता तर त्यानंही जीव सोडला असता." तासाभरानं इंजिन निवलं तेव्हा पिस्टन सुटला, एवढंच नशीब. उतारानं हळूहळू आम्ही खाली आलो. काचेचा एक स्क्रू आणि दोन आरसे वाटेतच राहिले होते.  

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. कातडं टोचायची आरी, कापायची रापी, हातोडी, दाभण, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलेलं, त्यावर हळदकुंकू आणि झेंडू. वर देवीच्या फुलोऱ्यात आईनं तळलेल्या कडाकण्या दोऱ्यानं टांगलेल्या. कडाकणी म्हणजे पुरीसारखी, पण नावाप्रमाणे कडक, हात लावला तर मोडेल अशी. पूजेत ठेवलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नसे. पाटाशेजारी अण्णांनी एक जुनं धोतर घडी करून ठेवलं होतं. पूजा उचलली की हत्यारं तेलाचा हात फिरवून त्यात बांधायची होती.

मी अण्णांना घाटातली हकीकत सांगितली. ते उठले, बाहेर आले, फटफटीपासून दोन पावलं मागे सरले आणि उभे राहिले. बराच वेळ. मग तिच्यावर बसले. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं, मोर आडवा आला. दुसऱ्या बाजूला वळवलं, आरसा काचेवर आपटला. अंगाचं वजन टाकून गाडी खाली दाबली, पेट्या चाकावरच्या पत्र्याला घासल्या. ब्रेकवर पाय ठेवायला गेले, तो घुंगरांत अडकला. इंजिनाजवळ तळहात नेला आणि पडद्यावरून परत आणला.

"हलतं तिथलं, तापतं तिथलं, आणि हात-पाय जातात तिथलं. सगळं उतरव."

"अण्णा, एकेका वस्तूला एकेक गुण आहे!"

"आणि पडली तर?"

"गाडी बाद."

"ही अट कुणी घातली?"

"मीच."

"मग निदान स्वतःची अट तरी पाळ."

मी ओरडलो, पान्हा भिंतीवर फेकला, आणि मग तोच पान्हा उचलून उतरवायला बसलो. दुपारपर्यंत उरल्या दोन आरसे, एक हॉर्न, उघडा लेगगार्ड, मागचा चिखलाचा फडका आणि आई कधी बसली तर म्हणून लावलेली साडीची जाळी. रेक्झिनची सीट अण्णांनी स्वतः काढून बाजूला ठेवली. "ही घामानं घसरते. उतारावर तू टाकीवर येशील." आणि आतून फडक्यातली ती सीट आणली, डागासकट. फक्त तिच्यात त्यांना मधोमध एक पन्हळ पाडायची होती. खोगीर घोड्याच्या कण्यावर कधी टेकत नाही, दोन्ही बाजूंना टेकतं, मधून वारा जातो. तसं केलं की माणूस दिवसभर बसला तरी अवघडत नाही. हे त्यांना दोन दिवस फटफटीभोवती फिरतानाच सुचलं होतं, पण कुणी विचारलं नव्हतं. आता ती उसवून पुन्हा शिवायला हवी, आणि आरी पाटावर.

अण्णा पाटासमोर बसले आणि बसूनच राहिले. मला वाटलं, झालं. तेव्हा आई मागच्या खोलीतून पीठ लागलेल्या हातांनी आली. "अहो, बघताय काय?"

"पूजेतली आहे."

"कळतंय मला, मीच मांडलीय. पण उद्या परवा तुम्ही तिला धोतरात बांधणार. मग आज तिला हळदकुंकू कशाला वाहिलं मी, पोचवायला?" तिनं वाकून आरी उचलली, कपाळाला लावली आणि त्यांच्या हातात दिली. "कुंकवासकट चालवा."

दिवेलागणीपर्यंत अण्णा शिवत होते आणि मी दोरा मेणातून ओढून देत होतो. एका टाक्यात कुंकू शिवलं गेलं. तो लाल टाका त्या सीटमध्ये अजून आहे. आणि एक सांगतो. त्या दुपारी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदा कळलं की पणाला फटफटी लागलेलीच नाही.

दसऱ्याला सकाळी मी निघालो तेव्हा गाडीवर सात वस्तू होत्या. आईनं गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मी किक मारेपर्यंत फुलोऱ्यातली एक कडाकणी काढून हँडलला दोऱ्यानं बांधली. "गाडीलाही दसरा असतो," म्हणाली. मी घाईत होतो, नको म्हणायचं राहून गेलं. गुलाबशेठच्या दुकानापुढे चौदा गाड्या. शेठचा भाचा एक्केचाळीस वस्तू लावून आला होता, गाडी दिसतच नव्हती. दिवाणजी प्रत्येकाची यादी करत होते. हारांना वगळत होते, कारण ते सगळ्यांनाच होते. माझ्यापाशी आले. "आरसे दोन. हॉर्न एक. लेगगार्ड, जाळी, फडका, सीट. आणि हे काय?"

"कडाकणी. आईनं बांधलीय. ती धरू नका."

शेठ पुढे आला. सीटवरचा गोल त्यानं बघितला की नाही कोण जाणे. "वा! का धरायची नाही? गाडीला लावलेली वस्तू ती वस्तू. लिहा दिवाणजी, कडाकणी एक. आठ गुण झाले की त्याचे!" सगळे हसले. आणि मला माझीच अट आठवली. पडली तर गाडी बाद. कात्रजचा घाट, त्या काळचे खड्डे, आणि हँडलला दोऱ्यानं लोंबणारी, फुंकर मारली तर मोडेल अशी कडाकणी. आईवर चिडावं, शेठवर चिडावं की स्वतःवर, तेही कळेना. तेवढ्यात शेठनं नारळ फोडला.

तेरा गाड्या धुरळा उडवत गेल्या. मी कडाकणीकडे बघत निघालो. प्रत्येक खड्डा आधी बघायचा, त्याला वळसा घालायचा, ब्रेक असा दाबायचा की दोरा हलू नये. स्वारगेटला मला एका सायकलवाल्या आजोबांनी मागे टाकलं. "काय रे, नवी शिकतोयस का?" मी दात आवळून म्हटलं, "हो." माझ्यासारख्या माणसानं शर्यतीत असं गाडी चालवणं म्हणजे काय ते मलाच माहीत. पण इंजिन मजेत होतं. पुढून वारा सरळ त्याच्या अंगावर जात होता, आणि सीटवर मी असा बसलो होतो की खड्डा मला कळायच्या आत काथ्यात विरे.

घाटाच्या दुसऱ्या वळणापासून रस्त्यावर दुकान मांडलेलं होतं. आधी एक आरसा. मग एक हॉर्न. मग पेटी, तिच्यामागे तिचं झाकण. गोंडे, दिवे, पितळी सिंह, नावाच्या पाट्या. कुठे गाडी वाफाळत उभी, कुठे मालक खाली वाकून काही तरी शोधतोय. शेठचा भाचा शेवटच्या चढावर काचेचा तुकडा बाळासारखा दोन्ही हातांत धरून उभा होता. इंजिन जाम. निघताना त्यानं मला 'बैलगाडी' म्हटलं होतं. त्याच्याजवळून जाताना मी हॉर्न वाजवला. एकदाच, कारण एकच होता.

बोगद्यापाशी पान घेतलं. उतार तर चढापेक्षा अवघड गेला. आणि पुन्हा स्वारगेट आलं, सुटलो असं वाटलं, तेवढ्यात एक बस स्टँडमधून आडवी बाहेर आली. मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. कडाकणी पुढे झुलली आणि ब्रेकच्या दांड्यावर 'टक्' वाजली. मी बघितलंच नाही. दुकान येईपर्यंत बघितलं नाही.

बाराला पाच कमी असताना मी पोचलो, दुकानापुढे गर्दी होती. परत आलेल्या सगळ्या गाड्या बाद झाल्या होत्या, कुणाचं काय पडलं यावर भांडणं चालू होती. दिवाणजींनी चष्मा पुसला आणि माझी यादी काढली. आरसे दोन. हॉर्न एक. सगळं खाली उतरत कडाकणीपर्यंत आले. तिला कडेपासून मधल्या भोकापर्यंत तडा गेला होता.

"मोडली!" शेठ म्हणाला. "बाद!"

एरवी मी त्याची कॉलर धरली असती. पण गर्दीत हमीदभाईंच्या शेजारी अण्णा उभे दिसले, दोन पावलं मागे, नुसते बघत. मी शांतपणे म्हटलं, "दिवाणजी, यादीत काय लिहिलंय?"

"कडाकणी एक."

"मोजा."

दिवाणजी वाकले. बरंच निरखून पाहिलं. ते शेठचं मीठ खाणारे, पण पुण्याचे होते, आकड्याशी बेइमानी करणारे नव्हते. "एक आहे," म्हणाले.

"मांडा खूण."

त्यांनी खूण मांडली. शाई वाळू दिली. मग मी दोरा सोडला, कडाकणी शेठच्या नाकासमोर कडाकड मोडली आणि खाल्ली. एक तुकडा हमीदभाईंना दिला. त्या दिवशी लोकांनी मला उचललं, गुलाल नव्हता म्हणून हारातला झेंडू उधळला. चौदा गाड्यांत आठ गुण, आणि पहिला. सीटा ठरल्याप्रमाणे वर्षभर टांगल्या गेल्या, पण वर्ष सरताच नावाची पाटी उतरली आणि लोकांच्या तोंडी ती सीट शेठची झाली.

हे मी शेकडो वेळा सांगितलं आहे. घरातले आता कंटाळतात. पण याच्या पुढचं मी फारसं सांगत नाही, आणि खरा विजय तो होता.

स्पर्धेनंतर तिसऱ्या दिवशी गुलाबशेठ स्वतः आमच्या घरी आला. त्या दोन दिवसांत बारा-पंधरा गाडीवाले दुकानात 'ती खोगिराची सीट' मागून गेले होते. तो दारात उभा राहून म्हणाला, "काय म्हातारबुवा," मग माझ्याकडे बघून, "काय अण्णा, सहा सीटा हव्या होत्या. दर तेवढा जरा नव्या माणसाला परवडेल असा." अण्णा पाटावर बसून आरीला धार लावत होते. कुंकू अजून पुरतं गेलं नव्हतं. 'बसा' एवढंच म्हणाले, पण बसायला जागा नव्हती. खोली कातड्यानं भरलेली, आणि मधोमध माझी फटफटी. आईनं चहा आणला. भरलेला, वाफाळता काचेचा ग्लास, बशी नाही. आमच्याकडे बश्या होत्या. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

शेठनं ग्लास धरला, घोट घेतला, पोळला, आणि ठेवायला जागा शोधू लागला. मी फटफटी सरकवून तिची सीट त्याच्यापुढे आणली. तो काळपट गोल अगदी त्याच्या हाताखाली आला.

"ठेवा की शेठ. माप तुमच्याच ग्लासाचं आहे."

शेठनं गोलाकडे बघितलं. आता ओळखलं. त्याचा चेहरा उतरला, आणि ग्लास या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात नाचू लागला. ठेवता येईना, टाकता येईना, आईसमोर उष्टा परत करता येईना. मला वाटलं, आता अण्णा माझं मनगट धरतील. म्हणतील, शंकर, घरी आलेला माणूस आहे.

अण्णांनी मान वर केली नाही. आरीचं टोक अंगठ्यावर तपासत म्हणाले, "शंकर, ग्लास गरम आहे तोवर दर ठरवून घे."

मी ठरवून घेतला. पहिल्या आकड्यावर. शेठनं 'चालेल' म्हटलं तेव्हा अर्धा चहा शिल्लक होता. कोपऱ्यातलं ते धोतर आईनं उचललं, त्याच्या चार चिंध्या केल्या आणि एक शेठच्या हातात दिली, ग्लासाभोवती धरायला.